भविष्यनिर्वाह निधी : होसकोटेच्या औद्योगिक पट्ट्यातून एक दृष्टिक्षेप

संघटित क्षेत्रातील कामगाराच्या वृद्धापकाळाची तरतूद हा भारतात केवळ बचतीचा नव्हे, तर कायद्याचा विषय आहे. 15 नोव्हेंबर 1951 रोजी निघालेल्या वटहुकमाची जागा 4 मार्च 1952 रोजी कर्मचारी भविष्यनिर्वाह निधी अधिनियमाने घेतली. प्रारंभी सिमेंट, सिगारेट, अभियांत्रिकी, लोखंड व पोलाद, कागद आणि कापड या सहा उद्योगांतील मोठ्या कारखान्यांपुरती ही व्यवस्था होती. पुढे तिचा विस्तार होत गेला आणि 20 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापना तिच्या कक्षेत आल्या. 1971 मध्ये कुटुंब निवृत्तिवेतन योजना आली, 1976 मध्ये ठेवसंलग्न विमा योजना आली आणि 16 नोव्हेंबर 1995 पासून कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेने कुटुंब निवृत्तिवेतन योजनेची जागा घेतली. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासात ही सनावळी सहसा पाठ केली जाते. परंतु या व्यवस्थेचे यश ज्यांच्यावर अवलंबून असते, त्या मंडळींचा उल्लेख पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळतो. वेतनपत्रक तयार करणारा लेखापाल, कामगार कायद्यांचा सल्लागार, सनदी लेखापाल, ग्रॅच्युइटीचे दायित्व मोजणारा विमागणितज्ञ आणि कंपनीच्या स्वतंत्र निधीचे विश्वस्त हे ते लोक होत. त्यांचे शुल्क मालक देतो. मात्र त्यांच्या चुकीची किंमत कामगार मोजतो, आणि तीही बहुधा पंधरा-वीस वर्षांनी, दुरुस्ती अवघड झाल्यावर. या व्यवसायातील बहुतेक व्यावहारिक प्रश्नांचे मूळ या विसंगतीत आहे.

हे प्रश्न प्रत्यक्षात कसे उभे राहतात हे पाहण्यासाठी बंगळूरुच्या पूर्वेस, कोलारकडे जाणाऱ्या महामार्गावरील होसकोटे हे ठिकाण उपयुक्त आहे. कन्नडमध्ये 'होस' म्हणजे नवा आणि 'कोटे' म्हणजे किल्ला. मराठी वाचकाला हे नाव अगदीच परके नाही. शहाजीराजांच्या कर्नाटकातील जहागिरीत बंगळूरु आणि कोलार यांच्याबरोबर होसकोटेही होते, आणि ऑगस्ट 1768 मध्ये हैदर अलीने मुरारराव घोरपडे यांच्या छावणीवर रात्रीचा छापा घातला तो याच गावाजवळ. आजचे होसकोटे हे औद्योगिक वसाहतींचे आणि गोदामांचे तालुक्याचे गाव आहे. व्होल्वो कंपनीचा मालमोटारींचा कारखाना 1998 च्या सुमारास या तालुक्यात सुरू झाला. पिल्लगुंपा औद्योगिक क्षेत्रात लहानमोठे कारखाने आहेत. ऑनलाईन व्यापाराच्या वाढीबरोबर मोठी गोदामेही या परिसरात आली. एका टोकाला स्वतःचा मनुष्यबळ विभाग असलेली बहुराष्ट्रीय कंपनी आणि दुसऱ्या टोकाला वीस-पंचवीस माणसे पुरवणारा कंत्राटदार, असे या पट्ट्याचे स्वरूप आहे. कायदा दोघांनाही एकच लागू असतो. तो पाळण्याची यंत्रणा मात्र दोघांकडे सारखी नसते.

अंशदानाची विभागणी

1952 च्या अधिनियमाखालील योजनांनी घालून दिलेली विभागणी प्रथम समजून घेतली पाहिजे. कामगाराच्या मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या 12 टक्के रक्कम त्याच्या पगारातून कापली जाते आणि तेवढेच अंशदान मालक देतो. कामगाराचे संपूर्ण 12 टक्के भविष्यनिर्वाह निधीत जमा होतात. मालकाच्या 12 टक्क्यांचे दोन भाग पडतात : 8.33 टक्के निवृत्तिवेतन निधीत आणि उरलेले 3.67 टक्के भविष्यनिर्वाह निधीत. याशिवाय ठेवसंलग्न विम्यासाठी मालक 0.5 टक्का वेगळा भरतो. 1 सप्टेंबर 2014 रोजी वेतनमर्यादा 6,500 रुपयांवरून 15,000 रुपये करण्यात आली. या मर्यादेवर निवृत्तिवेतन निधीत जाणारी रक्कम दरमहा 1,250 रुपये होते.

येथे एक फरक ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. भविष्यनिर्वाह निधी ही साठत जाणारी, व्याज मिळवणारी शिल्लक आहे. निवृत्तिवेतन योजना हे सेवाकाळावर आधारलेले आश्वासन आहे. निवृत्तिवेतनाचे सूत्र असे : निवृत्तिवेतनार्ह वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले 70. 15,000 रुपये वेतन आणि 20 वर्षे सेवा धरल्यास मासिक निवृत्तिवेतन सुमारे 4,286 रुपये येते. मात्र त्यासाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते. दहा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी सभासदाने निवृत्तिवेतन खात्यातील लाभ काढून घेतला, तर तेवढी सेवा पुसली जाते. एखाद्या कामगाराने तीन कारखान्यांत प्रत्येकी चार वर्षे काम केले आणि दर वेळी पैसे काढले, तर बारा वर्षे राबूनही त्याचे निवृत्तिवेतन शून्य. त्याच बारा वर्षांची सेवा खाते हस्तांतरित करून किंवा योजना प्रमाणपत्र घेऊन जोडली, तर वरील वेतनावर दरमहा सुमारे 2,571 रुपये मिळू शकतात. कारखाना सोडणाऱ्या कामगाराला हे गणित सांगण्याची सक्ती कोणत्याही कायद्याने लेखापालावर केलेली नाही. पण ते सांगू शकणारा माणूस त्या क्षणी तोच एकटा असतो.

एप्रिल 2016

हे गणित कोणी समजावून सांगितले नाही, आणि समजावले तरी ते कामगाराच्या गरजेशी जुळले नाही, तर काय घडते याचे उदाहरण बंगळूरुनेच घालून दिले. केंद्र शासनाने 10 फेब्रुवारी 2016 रोजी एक अधिसूचना काढली. नोकरी सुटलेल्या सभासदाने स्वतःचे अंशदान व त्यावरील व्याज काढावे, परंतु मालकाचा हिस्सा वयाच्या 58 वर्षांपर्यंत खात्यातच राहावा, असा तिचा आशय होता. वृद्धापकाळाची तरतूद टिकावी हा हेतू शास्त्रशुद्धच होता. 18 आणि 19 एप्रिल रोजी मात्र बंगळूरुच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांतील हजारो कामगार, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, होसूर रस्त्यावर व शहराच्या अन्य भागांत उतरल्या. वाहतूक ठप्प झाली, काही ठिकाणी जाळपोळ झाली. 19 एप्रिल रोजी तत्कालीन केंद्रीय श्रममंत्री बंडारू दत्तात्रेय यांनी अधिसूचना मागे घेतल्याचे जाहीर केले.

या घटनेचा अर्थ अनेकांनी अनेक प्रकारे लावला. स्त्रियांना अफवांनी भडकावले, असा एक सूर त्या वेळी ऐकू आला. तो फारसा पटण्यासारखा नाही. शिलाईयंत्रावर काम करणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने ही रक्कम म्हातारपणाची नसते. ती मुलांच्या शाळेची फी असते, सावकाराचे कर्ज असते, बाळंतपण किंवा घरातील आजारपणामुळे नोकरी सुटल्यानंतरचे दोन-चार महिने असतात. बेकारीभत्त्याची पुरेशी व्यवस्था नसलेल्या देशात भविष्यनिर्वाह निधी हाच बेकारीभत्ता होतो. धोरणकर्त्याच्या लेखी जी 58 व्या वर्षीची पुंजी, तीच कामगाराच्या लेखी अडीनडीची शिदोरी. या दोन समजुतींच्या मध्ये वेतन विभागातील माणूस उभा असतो. अधिसूचना निघाल्यापासून उद्रेक होईपर्यंत दोन महिन्यांहून अधिक काळ होता. स्वतःचा हिस्सा व त्यावरील व्याज काढता येणारच आहे, एवढी एक गोष्ट जरी सूचना फलकावर कन्नडमध्ये लिहिली गेली असती, तरी मालकाच्या हिश्श्यावरचा राग उरला असता. सगळेच पैसे बुडाले ही भीती मात्र उरली नसती.

हा पेच अद्याप मिटलेला नाही. 13 ऑक्टोबर 2025 रोजी केंद्रीय विश्वस्त मंडळाने अंशतः रक्कम काढण्याच्या तेरा प्रकारच्या तरतुदी एकत्र करून तीन गटांत आणण्याचा निर्णय घेतला. अत्यावश्यक गरजा, घरबांधणी आणि विशेष परिस्थिती हे ते गट. त्याबरोबरच 25 टक्के शिल्लक खात्यात कायम राखावी, बेकारीनंतर संपूर्ण रक्कम काढण्याचा अवधी दोन महिन्यांवरून बारा महिने आणि निवृत्तिवेतनाचा लाभ काढण्याचा अवधी दोन महिन्यांवरून छत्तीस महिने करावा, असेही मंडळाने ठरवले. नोकरी सुटताच 75 टक्के रक्कम मिळण्याची सोय आणि उरलेल्या 25 टक्क्यांवरील बंधन, अशी ही तडजोड आहे. 2016 च्या उद्रेकातून शासनाने काय घेतले, याचे उत्तर या दोन आकड्यांत शोधता येते.

नाव, जन्मतारीख आणि सोडल्याची तारीख

कामगार रस्त्यावर येतो तेव्हा त्याची बातमी होते. त्याचा अर्ज कार्यालयातून परत येतो तेव्हा होत नाही. 2022-23 मध्ये खात्यातील संपूर्ण रक्कम मागणाऱ्या दर तीन अर्जांपैकी सुमारे एक अर्ज फेटाळला गेला. कारणे बहुतांशी क्षुल्लक असतात आणि त्यांचे मूळ बहुधा नोकरीच्या पहिल्या दिवशी भरलेल्या कागदात असते.

कर्नाटकात हा प्रश्न विशेष जाणवतो. मराठी माणसाच्या नावात स्वतःचे, वडिलांचे व आडनाव असा क्रम असतो. कर्नाटकात, विशेषतः दक्षिण भागात, नावाला आद्याक्षरे जोडण्याची रीत आहे आणि ती आद्याक्षरे कधी गावाची, कधी वडिलांची असतात. एकाच माणसाचे नाव आधार पत्रावर 'मंजुनाथ के', बँकेत 'के. मंजुनाथ' आणि कारखान्याच्या हजेरीपटावर नुसते 'मंजुनाथ' असे असू शकते. संगणकाला हे तिघे वेगळे वाटतात. महाराष्ट्रात विवाहानंतर स्त्रीचे नाव बदलते, तेव्हा हीच अडचण वेगळ्या वाटेने येते. ऑक्टोबर 2014 पासून प्रत्येक सभासदाला सार्वत्रिक खाते क्रमांक मिळू लागला, तेव्हा नोकरी बदलली तरी क्रमांक तोच राहील अशी अपेक्षा होती. पण नवा कंत्राटदार जुना क्रमांक विचारण्याऐवजी नवाच काढतो आणि एका माणसाची दोन-तीन खाती होतात. जानेवारी 2025 मध्ये संघटनेने आधारशी पडताळलेल्या बहुसंख्य सभासदांना आपल्या नोंदीतील किरकोळ दुरुस्त्या मालकाच्या संमतीशिवाय करण्याची मुभा दिली. भार हलका झाला, संपला नाही. ज्याच्या हाती साधा फोन आहे, त्याच्यासाठी वेतन विभागाची खिडकी हेच अजून कार्यालय आहे.

यापेक्षा अवघड चुका निवृत्तिवेतनाच्या बाबतीत घडतात. 1 सप्टेंबर 2014 नंतर प्रथमच सभासद झालेल्या आणि त्या वेळी 15,000 रुपयांहून अधिक वेतन असलेल्या कर्मचाऱ्याला निवृत्तिवेतन योजनेत प्रवेश नाही. त्याच्या बाबतीत मालकाचे संपूर्ण अंशदान भविष्यनिर्वाह निधीत जायला हवे. अनेक ठिकाणी सवयीने 8.33 टक्के निवृत्तिवेतन निधीतच वळवले जातात. अट्ठावन्न वर्षे पूर्ण केलेल्या सभासदाच्या बाबतीतही असेच होते. पैसे भरले, पण चुकीच्या खान्यात भरले, आणि हा दोष निवृत्तीच्या दिवशी उघड होतो. तेव्हा कारखान्याचा मालक बदललेला असतो आणि लेखापालही. म्हणून जाणकार सल्लागार प्रत्येक नवीन नेमणुकीच्या वेळी पूर्वीच्या सभासदत्वाची विचारणा करणारे घोषणापत्र लिहून घेतात व ते जपून ठेवतात.

नामनिर्देशनाकडे तर सर्वांत कमी लक्ष जाते. अविवाहित असताना कामगाराने भावाचे किंवा मित्राचे नाव दिलेले असते. विवाहानंतर, म्हणजे योजनेच्या भाषेत 'कुटुंब' प्राप्त झाल्यानंतर, ते नामनिर्देशन रद्द समजले जाते. नवे भरले नाही, तर सेवेत असताना मृत्यू झाल्यास पत्नीला वारसाची कागदपत्रे गोळा करत फिरावे लागते. आणि 2021 पासून कमाल 7 लाख रुपये झालेला ठेवसंलग्न विमाही त्याच कागदांत अडकतो.

वेतन म्हणजे काय?

या क्षेत्रातील सर्वाधिक खटले एका साध्या प्रश्नावर झाले आहेत : 12 टक्के कशाचे? अंशदान कमी पडावे म्हणून मूळ वेतन लहान ठेवून बाकी रक्कम निरनिराळ्या भत्त्यांत विभागण्याची प्रथा जुनी आहे आणि ती सुचवणारे बहुधा सल्लागारच असतात. 28 फेब्रुवारी 2019 रोजी विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की जे भत्ते सर्वांना सरसकट मिळतात, अधिक कामाशी किंवा विशेष परिस्थितीशी जोडलेले नसतात, ते मूळ वेतनाचाच भाग होत.

21 नोव्हेंबर 2025 रोजी सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 सह चारही श्रमसंहिता लागू झाल्या, तेव्हा या प्रश्नाला विधिमंडळीय उत्तर मिळाले. वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर वरचा भाग वेतनात मिळवायचा. उदाहरणार्थ, एकूण मोबदला 24,000 रुपये असून मूळ वेतन 9,000 आणि भत्ते 15,000 असतील, तर निम्मे म्हणजे 12,000. त्याहून अधिक असलेले 3,000 रुपये वेतनात धरले जातील व वेतन 12,000 होईल. कामगाराची कपात 1,080 रुपयांवरून 1,440 होईल आणि मालकालाही तेवढाच जादा भार सोसावा लागेल. हातात येणारा पगार कमी झालेला पाहून कामगार प्रथम लेखापालालाच जाब विचारील. हे संभाषण टाळण्याजोगे नाही, त्यामुळे ते आधीच करणे शहाणपणाचे.

संहितेने जुन्या अधिनियमाची जागा घेताना त्याखालील योजना, संहितेशी विसंगत नसतील तेवढ्या मर्यादेत, एक वर्षापर्यंत चालू ठेवण्याची तरतूद केली. परीक्षार्थींनी अधिनियम आणि त्याखालील योजना यांतील हा भेद लक्षात घ्यावा.

विलंबाची किंमत

महिना संपल्यावर पंधरा दिवसांच्या आत अंशदान भरणे हा योजनेतील मूळ नियम. उशीर झाल्यास वार्षिक 12 टक्के व्याज आणि त्याखेरीज नुकसानभरपाई. ही नुकसानभरपाई पूर्वी विलंबाच्या काळानुसार वार्षिक 5 ते 25 टक्के होती; 14 जून 2024 पासून ती दरमहा 1 टक्का अशी एकसारखी करण्यात आली. कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यातल्या गोणीकोप्पल येथील उद्यानविद्या प्रयोग केंद्राच्या प्रकरणात 23 फेब्रुवारी 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले, की नुकसानभरपाई आकारण्यासाठी मालकाचा हेतू वाईट होता हे सिद्ध करण्याची गरज नाही. अंशदान भरण्यातील कसूर पुरेशी आहे. त्याच वर्षी 12 ऑक्टोबर रोजी चेकमेट सर्व्हिसेस प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले, की कामगारांकडून कापलेला हिस्सा योजनेच्या मुदतीत भरला नाही, तर प्राप्तिकर अधिनियम, 1961 खाली त्याची वजावट मिळणार नाही, मग विवरणपत्र भरण्यापूर्वी तो भरलेला असो. यामागचा विचार मूलभूत आहे. मालकाचा हिस्सा हा मालकाचा खर्च आहे. कामगाराचा हिस्सा मात्र मालकाकडे सोपवलेला परक्याचा पैसा आहे. फौजदारी कायदाही हाच भेद करतो. कापून घेतलेली परंतु न भरलेली रक्कम पूर्वी भारतीय दंड संहितेनुसार आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेनुसार फौजदारी विश्वासघातात मोडते.

विलंबाची झळ कोणापर्यंत पोहोचते, याचे एक उदाहरण डिसेंबर 2024 मधले आहे. कृष्णराजपुरम हे होसकोटे आणि बंगळूरु यांच्यामधील उपनगर. त्याच नावाच्या प्रादेशिक कार्यालयाने एका वस्त्र कंपनीकडील 23 लाखांहून अधिक रुपयांच्या थकबाकीसाठी कंपनीचे संचालक राहिलेल्या एका माजी क्रिकेटपटूविरुद्ध अटकेचे वॉरंट काढले. आपण 2020 मध्येच संचालकपद सोडल्याचे त्यांचे म्हणणे होते, आणि 31 डिसेंबर 2024 रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने कारवाईला स्थगिती दिली. वादाचा गुणदोष बाजूला ठेवला, तरी व्यवसायातील माणसाला यातून एक गोष्ट घेता येते. आस्थापनेची मालकी व संचालक यांत बदल झाल्यास तो संघटनेला नमुना 5-अ मध्ये कळवावा लागतो. कंपनी निबंधकाकडे बदल नोंदवला म्हणजे काम झाले, असे समजणारे सल्लागार पुष्कळ आहेत.

कंत्राटी कामगारांच्या बाबतीत मूळ मालकाची जबाबदारी याच प्रकारची आहे. कंत्राटदाराने अंशदान भरले नाही, तर ते मूळ मालकाला भरावे लागते आणि नंतर कंत्राटदाराकडून वसूल करता येते. त्यामुळे कंत्राटदाराचे देयक मंजूर करण्यापूर्वी केवळ चलन पाहणे पुरत नाही. विवरणपत्रातील नावे आपल्या फाटकावरील हजेरीशी जुळवावी लागतात. होसकोट्याहून कोलारच्या दिशेने गेल्यावर नरसापूर लागते. तेथील मोबाईल फोन जुळणीच्या कारखान्यात 12 डिसेंबर 2020 रोजी वेतनाच्या तक्रारींवरून कंत्राटी कामगारांचा उद्रेक झाला. तो तंटा भविष्यनिर्वाह निधीचा नव्हता. परंतु कारखाने विभागाच्या प्राथमिक अहवालात एक नोंद होती : कामगारांची संख्या थोड्या काळात 5,000 वरून 10,500 वर गेली, मात्र कामगार कायद्यांची जाण असलेली माणसे मनुष्यबळ विभागात पुरेशी नव्हती. या पट्ट्यातील झपाट्याने वाढणाऱ्या कोणत्याही कारखान्याला हे वाक्य लागू पडू शकेल.

विश्वस्त निधी आणि ग्रॅच्युइटी

काही मोठ्या आस्थापनांना संघटनेकडे पैसे न भरता स्वतःचा विश्वस्त निधी चालवण्याची सूट असते. अशा निधीने संघटनेने जाहीर केलेल्या दराहून कमी व्याज देता येत नाही; तूट आल्यास मालकाने भरायची असते. गुंतवणूक कोठे करावी याचा साचा शासन ठरवून देते. विश्वस्तांत मालकाचे व कामगारांचे प्रतिनिधी समसमान असतात. व्यवहारात कामगारांचे प्रतिनिधी ठरावावर सही करतात आणि प्रश्न क्वचितच विचारतात. उत्तर प्रदेशातील वीज कर्मचाऱ्यांच्या निधीने गृहकर्ज देणाऱ्या एका खासगी वित्त कंपनीत 4,100 कोटींहून अधिक रुपये गुंतवले होते. ती कंपनी अडचणीत आल्यावर त्यांपैकी 2,200 कोटींहून अधिक रक्कम अडकल्याचे 2019 मध्ये उघडकीस आले. थोडा अधिक व्याजदर आणि एकाच ठिकाणी मोठी रक्कम हे मिश्रण निवृत्तीच्या पैशासाठी किती घातक असते, हे त्यावरून दिसते. विश्वस्ताने विचारायचा पहिला प्रश्न परताव्याचा नसून, हे पैसे बुडाले तर ते कोण भरून देणार आणि त्याची तेवढी ऐपत आहे काय, हा असायला हवा.

ग्रॅच्युइटी, म्हणजेच उपदान, ही मालकाने एकट्याने द्यायची रक्कम. शेवटच्या मासिक वेतनाला 26 ने भागून आलेल्या रोजच्या पंधरा दिवसांची रक्कम, सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी. 18,000 रुपये वेतन आणि सात वर्षे सेवा असल्यास ती सुमारे 72,692 रुपये येते. 29 मार्च 2018 पासून कमाल मर्यादा 20 लाख रुपये झाली. पूर्वी पाच वर्षांच्या सलग सेवेची अट सर्वांनाच होती. सामाजिक सुरक्षा संहितेने निश्चित मुदतीच्या नेमणुकीवरील कामगाराला सेवेच्या प्रमाणात हा हक्क दिला, आणि एक वर्षाची सेवा त्यासाठी पुरेशी मानली.

ग्रॅच्युइटीच्या बाबतीत ताळेबंद फसवा असतो. विमागणितज्ञ दायित्व मोजतो, लेखापाल तेवढी 'तरतूद' दाखवतो, लेखापरीक्षक सही करतो. सगळे नियमानुसार होते. पण तरतूद म्हणजे पैसा नव्हे. कारखाना बंद पडला की तरतुदीचा आकडा कागदावर राहतो आणि कामगार धनकोंच्या रांगेत उभा राहतो. कर्नाटक शासनाने 10 जानेवारी 2024 पासून सक्तीच्या ग्रॅच्युइटी विम्याचे नियम लागू केले ते याच कारणाने. मालकाने मान्यताप्राप्त विमा कंपनीकडून विमा घ्यावा, आणि 500 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला त्याऐवजी मान्यताप्राप्त ग्रॅच्युइटी निधी उभारता यावा, अशी ती रचना होती. आंध्र प्रदेशाने असे नियम 2011 मध्येच केले होते. लहान कारखानदाराला विम्याचा हप्ता जड वाटतो. अशा वेळी सल्लागाराने त्याच्यासमोर दोन आकडे ठेवावेत : दरवर्षी द्यायचा हप्ता, आणि एकाच वर्षात पाच जुने कामगार निवृत्त झाले तर तीस दिवसांच्या आत रोख उभी करावी लागणारी रक्कम. वीस-पंचवीस माणसांच्या कारखान्यात दुसरा आकडा कित्येकदा वर्षभराच्या नफ्याहून मोठा निघतो.